गोठ्यामागच्या जुन्या टिलरला हँडल मारण्याआधी

प्रश्न असा आला आहे: राहणं कळव्याला, आजोबांची भातशेती शहापूरजवळ. गोठ्यामागच्या पडवीत पंधराएक वर्षं एक यंत्र उभं आहे. दोन लांब दांड्या, दोन चाकं, आडवं पडलेलं एका सिलिंडरचं इंजिन, बाजूला जड फ्लायव्हील, वर पाण्याची टाकी आणि तिच्यातून डोकावणारा लाल तरंगा. पत्र्याची पाटी गायब, रंग तीनदा बदललेला. काका म्हणतात भंगारात द्या, गावचा मेकॅनिक म्हणतो नवं इंजिन टाका. हे नेमकं काय आहे, याच्यासारखी आणखी कोणती यंत्रं होती, आणि हे पुन्हा चालेल का?

हा पॉवर टिलर, म्हणजे मागे चालत हाकायचं, मातीत पाती फिरवणारं यंत्र. चालेल की नाही हे इंजिनावर ठरत नाही. या यंत्रात सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू म्हणजे इंजिन. चार बोल्ट आणि पट्टे काढले की ते वेगळं होतं, आणि त्याच्या जागी दुसऱ्या बनावटीचंही बसवता येतं. गिअरपेटी आणि तिच्या दोन बाजूंचे, यंत्र वळवणारे स्टिअरिंग क्लच मात्र त्या त्या बनावटीचेच लागतात, आणि जुन्या बनावटीचे आता मिळत नाहीत. कांदिवलीत बनलेल्या बी-२७५ ट्रॅक्टरचा एखादा गिअर अजून शोधून सापडतो, कारण ते ट्रॅक्टर गावोगाव होते. टिलरचं तसं नाही. म्हणून गावच्या मेकॅनिकचा सल्ला उलट्या टोकाकडून सुरू होतो. पेटीत पाणी शिरून दात खाल्ले गेले असतील, तर वर कितीही नवं इंजिन ठेवा, पैसे वायाच जाणार.

आधी ओळख. रंगावर आणि स्टिकरवर विश्वास ठेवू नका, इंजिनावरच्या नंबरावरही पूर्ण नको. या पट्ट्यात टिलरची इंजिनं सर्रास काढली जात, कुठे पाण्याच्या पंपाला, कुठे होडीला, आणि परत बसवताना दुसरंच इंजिन येई. ओळख पटते ती गिअरपेटीच्या ओतीव भागावर. तारेच्या ब्रशने माती आणि रंग खरवडा. बाजूच्या झाकणांवर आणि पेटीच्या खालच्या अंगाला ओतकामातच आलेली अक्षरं किंवा आकडे असतात, त्यांचे फोटो काढा. मग बोल्ट पाहा. पाने १०, १२, १४, १७, १९ मिलिमीटरचे चपखल बसले, तर घराणं जपानी किंवा जपानी सहकार्यातलं असण्याची शक्यता जास्त. मिलिमीटरचा पाना घसरतो आणि इंची पाना बसतो, असं एकदोन ठिकाणी झालं तर तेवढाच भाग इथे कुणी बदलला आहे. सगळीकडेच झालं तर यंत्र इंग्रजी वंशाचं असू शकतं, आणि मग ते खरोखर दुर्मीळ आहे.

तरंगा असलेली उघडी पाण्याची टाकी म्हणजे बाष्पीभवनाने थंड होणारं इंजिन. यात पाण्याचा पंप नाही, काम करताना पाणी उकळतं, आणि ते उकळायलाच हवं. तरंगा खाली गेला की पाणी ओतायचं. बरेच लोक वाफ दिसताच घाबरून इंजिन बंद करतात. त्याची गरज नाही. टाकी कोरडी पडणं हेच खरं संकट. अशा इंजिनांतलं सर्वांत पसरलेलं घराणं म्हणजे चिनी एस-१९५: बोअर ९५ मिमी, स्ट्रोक ११५ मिमी, ८१५ सीसी, २००० फेऱ्यांना १२ हॉर्सपॉवर. भारतीय बनावटींत दोन मोठी नावं आहेत. बंगळुरूची व्हीएसटी कंपनी १९६७ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली, आणि केरळ सरकारची काम्को १९७३ मध्ये, कुबोटाच्या तंत्रावर. तुमचं यंत्र या तिघांपैकी एका घराण्यातलं निघण्याची शक्यता सर्वांत मोठी.

आता याच्या भाऊबंदांविषयी, कारण प्रश्नाचा तोही भाग आहे. मातीत फिरणाऱ्या पात्यांची कल्पना ऑस्ट्रेलियातली. न्यू साउथ वेल्समधल्या गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ मध्ये प्रयोग सुरू केले. सरळ पाती माती एका बाजूला उडवत, म्हणून त्यांनी टोकाला काटकोनात वळलेली एल आकाराची पाती घेतली. आज ज्याला आपण रोटाव्हेटर म्हणतो, त्याचा जन्म हाच. जपानात दुसऱ्या महायुद्धानंतर शेतं लहान लहान मालकांकडे गेली, आणि मागे चालत हाकायच्या टिलरला तिथे खरी जागा मिळाली. कुबोटाचा पहिला टिलर १९४७ चा.

आडव्या एका सिलिंडरची परंपरा मात्र त्याहून जुनी आणि बरीच चक्रम आहे. जर्मनीतल्या मानहाइमच्या लांझ कंपनीचा बुलडॉग १९२१ मध्ये आला, १२ हॉर्सपॉवरचा. त्याच्या सिलिंडरच्या टोकाला लोखंडी गोळा असे. तो ब्लोलॅम्पने तापवून लाल करायचा आणि मग फ्लायव्हीलला झोका द्यायचा. पुढच्या मॉडेलांत स्टिअरिंग व्हील दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलच्या मध्यात खुपसत आणि त्यानेच इंजिन फिरवत. हे इंजिन दोन्ही दिशांना चालतं. सुरुवातीच्या बुलडॉगला मागचा गिअरच नव्हता; मागे जायचं तर इंजिनाचा वेग मरू द्यायचा आणि नेमक्या क्षणी डिझेलचा झटका देऊन त्याला उलटं फिरवायचं. इंग्लंडचा फील्ड मार्शल सहा लिटरचा, टू-स्ट्रोक, एकाच सिलिंडरचा. थंडीत त्याच्या हेडमध्ये धुमसणारा कागद खोचून हँडल मारत, नाहीतर बंदुकीच्या काडतुसासारखं काडतूस लावून त्यावर हातोडी मारत. अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्सचा मॉडेल जी १९४८ ते १९५५ बनला. त्याचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, पुढे नुसता नळ्यांचा सांगाडा, म्हणजे रोपाच्या ओळीवर थेट नजर राहावी. भाजीपाल्याच्या निंदणीसाठी याहून शहाणी रचना आजही क्वचितच दिसते.

ही सगळी यंत्रं आपल्या खाचरात निरुपयोगी ठरली असती. बुलडॉग काय किंवा फील्ड मार्शल काय, चिखलणीच्या गाळात बसला तर क्रेनच आणावी लागेल. टिलर रोटरीसकट, म्हणजे मागच्या फिरत्या पात्यांसकट, चार-साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, बांध ओलांडतो आणि पाच गुंठ्यांच्या तुकड्यात वळतो. आडव्या सिलिंडरमुळे वजन खाली राहतं, फ्लायव्हील आणि गिअरपेटीची पुली एका रेषेत येतात, आणि पट्ट्याने ताकद देता येते. शहापूर-मुरबाडकडे टिलर टिकला तो यामुळे.

आता काम. पहिली अट, हँडल मारायचं नाही. पाहायला आलेल्या प्रत्येकाला ते फिरवून बघायचा मोह होतो. पंधरा वर्षं उभ्या यंत्रात पिस्टनची गंजलेली रिंग एका झटक्यात तुटते आणि लाइनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, उभी चर पाडते.

गिअरपेटीपासून सुरुवात करा. यंत्र समपातळीत उभं करून चाकांना ओंडके लावा. खाली पसरट भांडं ठेवून तळाचा प्लग अगदी हळू, अर्धा-अर्धा आटा सैल करा. पाणी तेलाहून जड, म्हणून पेटीत पाणी असेल तर सर्वांत आधी तेच निथळतं. पेलाभर स्वच्छ पाणी आणि मागून काळं तेल आलं, तर यंत्र उभं असतानाच पाणी साचलं आहे, नुकसान तळाशी मर्यादित असेल. दुधाळ पिवळं तेल आलं तर यंत्र पाण्यासकट चालवलं गेलं आहे. मग बेअरिंगांची आशा कमी ठेवा. प्लगवर चिकटलेला चुरा बोटांवर घासून पाहा: राखेसारखी पूड ही नेहमीची झीज, टोकदार कपचे म्हणजे तुटलेला दात.

मग वरचं झाकण काढा आणि टॉर्चने आत पाहा. अशा पेट्यांत हमखास दिसते ती पाण्याची रेषा. तेलात बुडालेला भाग चकचकीत, त्याच्या वरचा दमट हवेने लालसर, आणि तळाशी पाणी होतं तिथे काळे खड्डे. वरचा तांबूस थर डिझेल आणि ब्रशने निघतो, त्याची काळजी नको. काळजी खड्ड्यांची. ते दाताच्या कडेला असतील तर चालतं. दाताच्या मधल्या, एकमेकांवर घासणाऱ्या पट्ट्यात असतील, तर तो गिअर आवाज करेल आणि काही हंगामांत पापुद्रे सोडेल. बेअरिंगच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. पाणी लागलेलं प्रत्येक बेअरिंग बदला, हाताने गुळगुळीत फिरत असलं तरी. त्यांच्या कडेला नंबर कोरलेले असतात, ६२०५, ६२०६ असे. ही प्रमाणित मापं आहेत आणि ठाण्यात कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी ही तीन मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या. एक्सलसाठी दुहेरी ओठाचे सील मागा. चिखलात एकेरी ओठ फार दिवस तग धरत नाही.

पाणी पेटीत शिरतं कुठून? बहुतेक वेळा एक्सलच्या सीलमधून. चिखलणीत पेटीचा खालचा भाग पाण्यात बुडतो. काम करून तापलेली पेटी थंड झाली की आतली हवा आकसते आणि जीर्ण सीलमधून गढूळ पाणी आत ओढलं जातं. पेटीच्या माथ्यावर हवा घ्यायचं बारीक छिद्र किंवा टोपी असते. ती मातीने बुजली असली तर हा ओढा आणखी वाढतो. सील नवे घातले आणि हे छिद्र मोकळं केलं नाही, तर वर्षभरात तीच कहाणी. एक्सलवर सीलचा ओठ बसतो तिथे नखाला लागेल इतकी खाच पडली असेल, तर नवं सीलही तिथून गळणारच. सील दोन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून बसवता आलं तर बघा, नाहीतर लेथवर पातळ बाही चढवून घ्या.

आता स्टिअरिंग क्लच. हा टिलरचा सर्वांत दुर्लक्षित भाग. दांड्यांच्या मुठीखालचा डावा खटका दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, उजवं ढकलत राहतं आणि यंत्र डावीकडे वळतं. आत घर्षणाच्या प्लेटा नसतात, एकमेकांत अडकणारे दात असतात, मागे स्प्रिंग. उभं राहून राहून सरकणारा भाग शाफ्टला गंजाने चिकटतो. तो हातोडीने सोडवू नका, त्याला सरकवणारा काटा वाकतो. गंज सोडवणारं तेल दोन दिवस मुरू द्या, मग काट्याला हाताने मागेपुढे हलवा.

दात नीट पाहा. त्यांचे कोपरे काटकोनात असायला हवेत. गोलावले असतील तर ओढीखाली दात आपोआप सुटतो आणि यंत्र न सांगता एका बाजूला वळतं. चालवणाऱ्याला वाटतं चाक घसरलं. बरेच जण यावर जाड स्प्रिंग टाकतात. त्याने खटका इतका जड होतो की दुपारपर्यंत मनगट भरून येतं, आणि दात आणखी लवकर झिजतात. खरा उपाय म्हणजे जुना नमुना देऊन नवा भाग बनवणं. वागळे इस्टेट, रबाळे, पावणे, तळोजा या पट्ट्यात एक-दोन नग करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉप अजून आहेत. पोलाद ईएन-३५३ किंवा २०एमएनसीआर५ सांगा, कामानंतर केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करणं), पृष्ठभागाचा कडकपणा ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप). नुसत्या एमएसमध्ये, म्हणजे साध्या मऊ पोलादात, बनवून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. ते दात एका पावसात गोल होतात. वेल्डिंगने भर घालून घासणं हा तात्पुरता इलाज. भर टाकताना मूळ भागाचा कडकपणाही जातो. जोडल्यावर खटक्याला एक ते दोन मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा. खेळ शून्य असेल तर दात पूर्ण बसतच नाहीत.

पेटी इथपर्यंत पास झाली, तरच इंजिनाकडे वळा.

एअर क्लीनर काढा. उंदराचं घरटं निघेल याची तयारी ठेवा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडात पाहा. जाम इंजिनांचं सर्वांत मोठं कारण हेच आहे: उभं धुराडं, त्यावर टोपी नाही, आणि इंजिन शेवटचं थांबलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. शहापूरचा एक पावसाळा पुरतो. टॅपेट कव्हर उघडून कोणता व्हॉल्व्ह दबलेला आहे ते पाहिलंत, तर इंजिन उघडण्याआधीच अंदाज येतो.

मग डिकम्प्रेशनचा खटका (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उघडा ठेवून फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून हलवून पाहा. हललं तर उत्तम. नाही हललं तर नोझलच्या भोकातून तेल ओतून थांबायची पद्धत इथे फसते. सिलिंडर आडवा असल्याने तेल खालच्या अंगाला साचतं, वरचा अर्धा परीघ कोरडाच राहतो. पाणी, डिझेल, तेल काढून टाका, इंजिन सांगाड्यावरून उतरवा आणि हेड वर येईल असं उभं करा. एस-१९५ सारखं इंजिन दीडशे किलोच्या आतबाहेर असतं, चेन ब्लॉक वापरा, दोन माणसांच्या भरवशावर उचलू नका. हेड काढा. पिस्टनच्या वरचा लाइनरचा उघडा भाग आधी बारीक पॉलिश पेपरने साफ करा, मग पॉवर स्टिअरिंगचं ऑइल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन निम्मंनिम्मं पिस्टनवर ओता. अ‍ॅसिटोन पेट घेतं आणि उडून जातं, म्हणून मोकळ्या हवेत, वर झाकण ठेवून, आणि रोज थोडी भर घालत. आठवडाभर.

तरीही हललं नाही तर ठोकत बसू नका. या इंजिनांची एक सोय लोक विसरतात: मागचं झाकण काढलं की कनेक्टिंग रॉडचे दोन बोल्ट समोर येतात. ते सोडा, कॅप काढा, आणि लाइनर पिस्टनसकट पुढून उपसून घ्या. ओला लाइनर आहे, म्हणजे बाहेरून पाणी लागणारा, खालच्या रबरी रिंगांनीच धरलेला. मग तो प्रेसवर न्या. पिस्टन वाचला नाही तरी ब्लॉक आणि क्रँक वाचतो. लाइनरची झीज वरच्या रिंगच्या जागी ०.३ मिमीच्या पुढे असेल तर पूर्ण सेट बदला. नव्या रिंगांची फट लाइनरमध्ये घालून मोजा. ९५ मिमी बोअरला ०.३ ते ०.५ मिमी ठीक. नवा लाइनर बसल्यावर ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर, ०.१ मिमीच्या आसपास, राहायला हवा, नाहीतर हेड गॅस्केट पाणी सोडेल. रबरी रिंगांना साबणाचं पाणी लावा आणि पीळ पडू देऊ नका. पीळ पडला की पाणी ऑइलमध्ये येतं आणि दोष गॅस्केटवर जातो.

टायमिंगचे गिअर उघडले असतील तर खुणा जुळवताना थरथर कमी करणारे बॅलन्स शाफ्ट विसरू नका. एस-१९५ मध्ये असे दोन शाफ्ट असतात. एखादा दात चुकला तरी इंजिन सुरू होतं, पण इतकं थरथरतं की मुठी हातात धरवत नाहीत आणि टाकीच्या पत्र्याला तडे जातात. थंड इंजिनावर टॅपेटची फट: इनलेट ०.३५, एक्झॉस्ट ०.४५ मिमी, हीही एस-१९५ ची. दुसरी बनावट असेल तर तिच्या पुस्तकातलीच मापं घ्या.

डिझेलच्या बाजूला एक गोष्ट जिवावर बेतू शकते हे लक्षात ठेवा. पंधरा वर्षांच्या डिझेलचा गोंद होतो आणि पंपाचा रॅक (डिझेलचं प्रमाण ठरवणारी सरकती पट्टी) त्यात अडकतो. तो पूर्ण डिझेलच्या बाजूला अडकला असेल, तर इंजिन सुरू होताच फेऱ्या वाढत जातात, फेऱ्या आवरणाऱ्या गव्हर्नरचं काही चालत नाही आणि थ्रॉटल ओढूनही ते थांबत नाही. याला पळालेलं इंजिन म्हणतात. फ्लायव्हील फुटेपर्यंत ते वाढू शकतं. म्हणून पंप बाहेर काढून रॅक बोटाने, विनाअडखळ, दोन्ही टोकांना सरकतोय याची खात्री करा. टाकी आतून धुवा: मूठभर नट आणि लिटरभर डिझेल घालून हलवा, तीन-चार वेळा. फिल्टर नवा. नोझल पंप-नोझलवाल्याकडे टेस्टरवर तपासून घ्या. स्वर्ल चेंबरच्या इंजिनाला (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) चौरस सेंटिमीटरला १२० ते १३० किलोच्या आसपास दाब पुरतो, डायरेक्ट इंजेक्शनला (थेट पिस्टनवर फवारणाऱ्या) तो बराच जास्त, २०० च्या घरात. फवारा धुक्यासारखा हवा, शेवटी थेंब लोंबता कामा नये. फवाऱ्यासमोर हात धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.

पहिल्या सुरुवातीला दोन माणसं लागतात. एकाने हातात सपाट फळी घेऊन उघड्या एअर इनलेटजवळ उभं राहायचं. इंजिन पळालं तर फळी इनलेटवर दाबायची, हवा बंद झाली की ते मरतं. कपडा वापरू नका, आत ओढला जातो. गिअर न्यूट्रल, पट्टे उतरवलेले, पाणी भरलेलं, ऑइल मापदांडीच्या वरच्या खुणेपर्यंत. डिकम्प्रेशन उघडं ठेवून वीस-तीस फेऱ्या मारा, तोवर ऑइलच्या दाबाचा दर्शक वर यायला हवा. तो आला नाही तर पुढे जाऊ नका, पंप किंवा गाळणी तपासा. मग पाइपचे नट सैल करून हवा काढा, हँडल मारताना नोझलचा करकर आवाज ऐका आणि वेग आला की डिकम्प्रेशनचा खटका सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही. उलटा झटका आला तर अंगठा जातो.

पट्टे लावताना तिन्ही एकाच सेटचे घ्या. एक जुना आणि दोन नवे लावले तर सगळा भार नव्या दोघांवर येतो. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर दोनेक सेंटिमीटर दबायला हवेत. मुख्य क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटल्या असतील, तर खटका ओढूनही यंत्र चालूच राहतं. पट्टे लावण्याआधी पुली हाताने फिरवून हे तपासा. बऱ्याच बनावटींत याच खटक्याच्या शेवटच्या टोकाला ब्रेक असतो, तोही तेव्हाच पाहून घ्या.

रोटरीच्या पात्यांवर डावं-उजवं असतं. उलटी लावली तर पात्याची पाठ मातीवर आपटते, यंत्र उड्या मारतं आणि इंजिन दमतं. बोल्ट ८.८ ग्रेडचे, साधे बोल्ट पहिल्या दगडाला तुटतात. रोटरी शाफ्टच्या टोकांना गुंडाळलेला पेंढा आणि काथ्या काढा. तोच सीलच्या आत शिरून त्याला कापतो आणि साखळीच्या पेटीतलं ऑइल शेतात सांडतं. टायरांचं फार मनावर घेऊ नका, ६.००-१२ चे बाजारात मिळतात. चिखलणीची लोखंडी चाकं मात्र भंगारवाल्याला जाऊ देऊ नका. खाचरात काम त्यांचंच आहे, आणि जुन्या हबला बसणारी जोडी पुन्हा मिळणं कठीण.

खर्चाचा निर्णय असा घ्या. पेटीचं ओतकाम अखंड, गिअरचे दात मधल्या पट्ट्यात स्वच्छ, इंजिन जाम: दुरुस्त करा. पेटी ठीक, पण इंजिनाचा ब्लॉक फुटलेला: दुसरं इंजिन बसवा, फक्त पुलीचा व्यास आणि फिरण्याची दिशा जुळवा. पेटीलाच तडा किंवा दोनहून जास्त गिअर गेलेले: तेव्हा काका म्हणतात ते बरोबर. तरीही पूर्ण यंत्र किलोच्या भावाने देण्याआधी स्टिअरिंग क्लच, काटे, एक्सलचे हब आणि पात्यांचा शाफ्ट काढून ठेवा. त्याच बनावटीचा दुसरा टिलर जिवंत ठेवायला हेच भाग लागतात. न्यायचं तर छोट्या हत्तीत मावतं. दोर गिअरपेटीला आणि एक्सलला बांधा, दांड्यांना नको, त्या वाकतात.

चालू झाल्यावर पहिले दहा तास अर्ध्या थ्रॉटलवर, मऊ जमिनीत. मग इंजिन ऑइल आणि पेटीचं ऑइल दोन्ही गरम असतानाच काढून बदला, गंजाचा उरलेला चुरा तेव्हाच निघतो. हेडचे नट थंड झाल्यावर पुन्हा ताणा.

आणि ज्यांनी कधी टिलर हाकला नाही त्यांच्यासाठी दोन सूचना. मागचा गिअर टाकण्याआधी रोटरी बंद करा. जुन्या यंत्रांत त्याला अडवणारी सोय नसते, आणि पाती थेट चालवणाऱ्याच्या पायाकडे येतात. दुसरी सूचना, ट्रॉली लावून उतारावर जातानाची. सपाटीवर डावा खटका दाबला की यंत्र डावीकडे जातं, उतारावर ते उजवीकडे जातं. ट्रॉली मागून ढकलत असते आणि इंजिन चाकांना रोखून धरत असतं. ज्या बाजूचा खटका दाबला ते चाक मोकळं सुटून पुढे धावतं. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, खटक्यांवरची बोटं काढा, आणि वळण दांड्या रेटून घ्या. वळवल्यावाचून सुटका नसेल तर विरुद्ध बाजूचा खटका, तोही क्षणभरच. उतारावर न्यूट्रल करायचं नाही आणि मुख्य क्लचने इंजिनाची ताकद तोडायची नाही.